कमरेएवढं पाणी

कुरणवाडच्या मोठ्या पुरात चेलना मगदूम नगरपालिकेच्या जीपमधून भोंग्यावर सूचना देत फिरत होती. हातात आलेला कागद ती वाचायची. "पुलाजवळ पाण्याची पातळी पंचावन्न फूट. धरणातून विसर्ग नव्वद हजार क्युसेक. नागरिकांनी सतर्क राहावे." एका गल्लीच्या तोंडाशी एक निवृत्त शाळामास्तर जीपला आडवे आले. पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडलेला, हातात छत्री.

"बाई, पंचावन्न फूट म्हणजे माझ्या घरात किती?" त्यांनी विचारलं.

चेलनानं ड्रायव्हरकडे बघितलं, ड्रायव्हरनं पुढं. जीप निघाली. काल त्रेपन्न होतं, आज पंचावन्न, म्हणजे दोनच फूट वाढलंय, असा हिशेब करून मास्तर घरातच थांबले. पाणी ओसरल्यावर ते सापडले.

त्यांच्या मरणाबद्दल चेलनाला कुणी बोल लावला नाही. पण ती कित्येक महिने नीट जेवत नव्हती. म्हणून चार वर्षांनी टेकडीवरच्या जुन्या विश्रामगृहात नदी सूचना केंद्र उघडलं आणि सूचना लिहायला, वाचायला माणूस हवा अशी जाहिरात आली, तेव्हा तिनं दुसऱ्याच दिवशी अर्ज केला.

केंद्राचे प्रमुख डॉ. निरंजन हेर्लेकर. पन्नाशीचे, सडपातळ, घाईत बोलणारे. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला अडचण समजावून सांगितली.

"पाणी मोजायच्या तीन पद्धती आहेत आणि तिन्हींची एकमेकींशी ओळख नाही. पुलाच्या खांबावर फूट, ते नदीच्या तळापासून. धरणावर क्युसेक, म्हणजे सेकंदाला किती घनफूट पाणी सोडलं ते. आमच्या नकाशात मीटर, समुद्रसपाटीपासून. त्या दिवशी एकच पाणी एकाच वेळी पंचावन्न होतं, नव्वद हजार होतं आणि पाचशे त्रेचाळीसही होतं. तिन्ही आकडे बरोबर."

"आणि घरात किती?" चेलनानं विचारलं.

"ते आता सांगता येईल. म्हणून तर हे यंत्र."

यंत्राचं नाव होतं 'उंबरा'. नदीच्या पात्रात, नाल्यांत, रस्त्याकडेच्या गटारांत सुपारीएवढे संवेदक पेरले होते. संवेदकावर पाण्याचा जेवढा भार, तेवढी त्याच्यावर पाण्याची उंची. ड्रोननं लेसरचे किरण सोडून साऱ्या गावाच्या जमिनीचा नकाशा काढला होता, इतका बारीक की प्रत्येक घराच्या उंबऱ्याची उंची बोटभर फरकानं कळायची. दर दहा मिनिटांनी संगणक वरून येणारं पाणी या नकाशातल्या गावात सोडून बघायचा: ते कुठून शिरेल, कुठं तुंबेल, कुठल्या दारात किती चढेल. अजून न आलेलं पाणी पडद्यावर आधी यायचं. हेर्लेकरांनी नमुन्यादाखल मोठ्या पुराची एक ओळ दाखवली. 'कुंभार गल्ली, घर सतरा: ०.९५ मीटर.'

"बघा," ते म्हणाले. "आता कुणाला शंका राहणार नाही."

घर सतरा चेलनाच्या आईवडिलांचं. तिथं तिची थोरली बहीण पद्मल एकटी राहायची. ती ओळ बघून चेलना हळूच म्हणाली, "सर, हेही आमच्या लोकांना कळायचं नाही. शून्य दशांश पंच्याण्णव, हे पाण्यात उभं राहून कोण वाचणार?"

हेर्लेकरांचा चेहरा पडला. पण माणूस समजूतदार होता. "मग तुम्ही सांगा," ते म्हणाले.

पद्मल दीड वर्षाची असताना पोलिओनं तिचे दोन्ही पाय गेले. घरात ती चाकं लावलेल्या बुटक्या पाटावर बसून तळहातांनी जमीन ढकलत फिरे, बाहेर जायला तीनचाकी होती. पुढच्या खोलीत ती शाळेचे गणवेश शिवायची. गल्लीतल्या बायका दुपारी तिथं येऊन बसत. त्या दुपारी चेलनानं मुद्दाम पुराचा विषय काढला आणि गप्प बसून ऐकलं.

"आमच्या न्हाणीत घोट्याएवढं होतं तोवर मी भांडी घासत होते."

"आमच्याकडं गुडघाभर झालं तशी सासूबाईंना उचललं."

"माझ्या कमरेला लागलं आणि मला रडूच आलं."

"मारुतीच्या देवळात पुरुषभर होतं, मी डोळ्यानं बघितलंय."

एकही बाई फूट म्हणाली नव्हती. चेलना दुसऱ्या दिवशी हेर्लेकरांपुढं पाच शब्द घेऊन गेली: घोटा, गुडघा, कंबर, छाती, पुरुष. प्रत्येक शब्दाबरोबर एक काम. घोटा म्हणजे सामान उचला. गुडघा म्हणजे ज्यांना चालता येत नाही त्यांना न्यायला केंद्राची गाडी येईल. कंबर म्हणजे वर चढा, रस्त्यावर उतरू नका. छाती म्हणजे गच्चीवर जा, बोट निघाली. पुरुष म्हणजे त्या भागात आता कुणीच राहू नये.

"कुणाची कंबर?" हेर्लेकरांनी विचारलं.

"माणसाची."

"यंत्राला असं चालत नाही." त्यांनी पाच फूट पाच इंचांचा एक माणूस ठरवला आणि त्याच्या अंगावर रेषा मारल्या. पंच्याण्णव सेंटिमीटरवर कंबर आली.

संध्याकाळी चेलनानं ते सगळं पद्मलला सांगितलं. पद्मलला शब्द फार आवडले. तिनं ते दोनदा म्हणून बघितले. मग पाटावर बसल्या बसल्या हात उंच करून म्हणाली, "चेलना, तुझी कंबर माझ्या डोक्यावरनं जाते गं."

"म्हणून तर गुडघ्यालाच गाडी ठेवलीय, अक्का. तुझ्यासाठीच."

"तुमच्या भोंग्यात एक शब्द आमच्यासाठी घाला की. बसलेल्यांसाठी."

चेलनानं तेही विचारलं होतं. पाचापेक्षा जास्त शब्द झाले की घाबरलेला माणूस गोंधळतो, असं चाचण्यांत दिसलं होतं. पाचच ठेवायचे आणि भोंग्यावरून गल्लीचं नाव, शब्द आणि त्याचं काम यांपलीकडे एक अक्षर बोलायचं नाही, असा नियम झाला. पद्मलला तो पटला. "बरोबर आहे," ती म्हणाली. "आमच्यासारखे किती असतील गावात? गाडी आली म्हणजे झालं."

शब्दांना आवाज चेलनाचा दिला. तिनं पाच शब्द, त्यांची कामं आणि गावातल्या सगळ्या गल्ल्यांची नावं एकदा म्हटली, यंत्रानं तिचा आवाज उचलला आणि मग तिची गरज उरली नाही. प्रत्येक गल्लीत खांबावर बॅटरीवर चालणारा भोंगा लागला. "कुंभार गल्ली. घोटा. सामान उचला." कुठल्याही घाईशिवाय, वाढताना 'भाजी घे' म्हणावं तसा तो आवाज.

पहिल्या वर्षी पूर आला आणि कुणी गेलं नाही. दुसऱ्या वर्षी आला, तेव्हाही नाही. दोन्ही वेळा गुडघा लागल्याबरोबर पांढरी गाडी कुंभार गल्लीत आली आणि पद्मलला तिच्या शिलाई मशिनसकट टेकडीवर घेऊन गेली. समोरच्या घरातला संताजी कुंभार तिला उचलून गाडीत ठेवायचा. सहा फुटी गडी, शाळेची व्हॅन चालवायचा. "पद्माक्का, आता तुमच्यासाठी सरकारी गाडी यायला लागली, आम्हाला कोण विचारतंय," असं म्हणून हसायचा.

शब्द गावात मुरले. लोक घरभाडं ठरवताना विचारू लागले, घर गुडघ्यातलं की छातीतलं? लग्नाच्या बैठकीत मुलीकडचे दबक्या आवाजात म्हणत, स्थळ चांगलंय, पण कमरेत राहतात. शेजारच्या तीन तालुक्यांनी हेच शब्द उचलले. चेलनाचा एक सत्कार झाला. मास्तरांच्या मुलानं तिथं येऊन तिला नमस्कार केला.

तिसऱ्या वर्षी श्रावणात आठवडाभर पाणी चढत होतं, पण बेतानं. कुंभार गल्लीला सकाळपासून घोटा लागलेला होता. दुपारी जेवणाच्या सुमारास केंद्रात सगळे डबे उघडून बसले होते. अंदाज असा होता की संध्याकाळी गुडघा लागेल. गाडी दारात उभी होती.

तेवढ्यात वरच्या अंगाला कालव्याचा मातीचा भराव फुटला.

पडद्यावर आधी नुसत्या संवेदकांच्या रेषा उभ्या चढल्या. हेर्लेकरांना वाटलं यंत्र बिघडलं. मग संगणकानं नवी फेरी संपवली आणि गावाच्या उतरत्या बाजूचे रंग एकदम बदलले. खिडकीबाहेरून, टेकडीखालून, चेलनाला स्वतःचा आवाज वेगवेगळ्या गल्ल्यांतून एकदम ऐकू आला.

"कुंभार गल्ली. कंबर. वर चढा. रस्त्यावर उतरू नका."

तिनं डबा बाजूला ढकलला. "सर, गाडी गेली?"

हेर्लेकर पडद्याकडे बघत होते.

"सर, गाडी. अक्काला आणायला गाडी गेली का?"

"गाडी गुडघ्याला निघते," ते सावकाश म्हणाले. आणि मग त्यांच्याही लक्षात आलं. "गुडघा लागलाच नाही."

दोन फेऱ्यांच्या मध्ये पाणी घोट्यावरून कमरेवर गेलं होतं. मधला शब्द उच्चारलाच गेला नाही, आणि तो उच्चारल्याशिवाय गाडी सुटत नव्हती. ती अजून दारात उभी होती, ड्रायव्हर आत वर्तमानपत्र वाचत होता.

"आता पाठवा!"

"कमरेएवढ्या पाण्यात ती गाडी चालत नाही, चेलना. बोट लागेल."

"मग बोट पाठवा."

"सगळ्या बोटी सूतगिरणी वसाहतीकडे निघाल्यात. तिथं छाती लागलीय. पत्र्यावर माणसं आहेत."

चेलनाच्या हातात फोन होता आणि तो आधीच वाजत होता. पद्मल.

"चेलना, गाडी कधी येणार गं?" आवाज शांत होता, पण मागं पाण्याचा खळखळाट होता. "एकदम आत आलं. दार लोटूनच आलं. मी खाटेवर चढलेय."

"अक्का, किती आहे?"

"खाटेच्या वर आलंय. मी बसलेय तिथं ओलं झालंय."

"मशिनच्या टेबलावर जाता येईल?"

"टेबल पडलं."

"संताजीला हाक मार."

"मारली. दार परत लागलं, पाण्यानं दाबून बसलंय, आवाज जात नाही. सकाळी तो बाहेर होता, त्यांना वाटत असेल तेवढ्यात मी गेले गाडीतनं. दरवर्षी जाते ना."

चेलनानं दुसऱ्या फोनवरून संताजीला लावलं. त्याचा खाली चार्जिंगला लावून ठेवलेला फोन तेव्हा पाण्यात होता. तिनं पुन्हा लावला, पुन्हा पुन्हा लावला. इकडं पद्मलच्या फोनमधून, गल्लीतल्या खांबावरून, तिचाच आवाज पुन्हा आला. वर चढा. रस्त्यावर उतरू नका.

"तुझा आवाज किती छान येतो बघ," पद्मल म्हणाली, आणि मग तिचा स्वतःचा आवाज फाटला. "चेलना, खाट हलायला लागली."

"माळ्याची शिडी धर."

"शिडी त्या भिंतीला आहे. मध्ये पाणी आहे."

चेलना हेर्लेकरांकडे वळली. शब्द यंत्र ठरवायचं, पण तो बदलायची कळ तिच्या टेबलावर होती. यंत्र चुकलं असं वाटलं तर माणसानं दुरुस्त करावं म्हणून ठेवलेली. "मी कुंभार गल्लीला छाती लावते. बोट वळेल."

हेर्लेकर उठून आले. त्यांनी तिचा हात धरला नाही. नुसता पडदा तिच्याकडे वळवला. सूतगिरणी वसाहतीच्या पत्र्यांवर ठिपके होते, प्रत्येक फोनचा एक. एका पत्र्यावर अकरा. "लाव," ते म्हणाले. "दोन बोटी वळतील. मी कुणाला काही सांगणार नाही. तुझी बहीण आहे."

तिचं बोट कळीवर होतं. ते तिथंच राहिलं. ठिपके हलत होते, पत्र्याच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकत होते. तिला ती कळ दाबता आली नाही. या गोष्टीबद्दल पुढं कुणी तिला थोर म्हटलं की ती उठून जायची. तिच्या मते ती थिजली होती, एवढंच.

"चेलना?" फोनमधून पद्मल म्हणाली. "ऐकतेस ना?"

"ऐकतेय, अक्का."

"मागच्या बोळात तानूबाई आहे. अंथरुणावरनं उठत नाही ती. तिला कुणी सांगितलंय का? मी एकटीच आहे का अशी?"

चेलना उठली आणि कोपऱ्यातल्या, सगळ्या भोंग्यांना जोडलेल्या माईकसमोर जाऊन बसली. तीन वर्षांत त्या माईकवर कुणी बोललं नव्हतं. हेर्लेकरांना तिचा इरादा कळला. आता मात्र ते पुढं आले.

"नको. काहीही बोललीस तरी लोक खाली उतरतील. त्या गल्ल्या नदीकडे उतरतात. पाणी नुसतं उभं नाही तिथं, सेकंदाला दोन मीटरनं जातंय. ऐकतेस का? दोन मीटर."

आकडा तिनं ऐकला. पण त्या क्षणी तो तिच्यापर्यंत पोचला नाही. तिच्या कानात खाट होती.

तिनं बटण दाबलं.

"ऐका. मी चेलना मगदूम बोलतेय, यंत्र नाही. कंबर ही उभ्या माणसाची आहे. तुमच्या घरात, शेजारी, कुणी बसलेलं असेल, अंथरुणावर असेल, लहान असेल, तर त्यांना आत्ता वर न्या. गाडी येणार नाही. वाट बघू नका."

'शेजारी' हा शब्द तिनं पद्मलसाठी घातला. तिला तेवढंच भान होतं. तो शब्द घालायला ती किंचित थांबलीही होती. तो थांबा पुढं तिला नेहमी ऐकू येत राहिला.

कुंभार गल्लीत, पद्मलच्या घरासमोरच्या गच्चीवर संताजी आणि त्याची बायको वैजयंता उभे होते. गावात कुठं कुठं लोक एकमेकांकडे बघू लागले होते, तसे तेही. संताजी एकदम म्हणाला, "पद्माक्का!" आणि जिन्यानं खाली धावला. वैजयंता त्याच्यामागं धावली, तिनं जिन्यातल्या घडवंचीवरचं सासूचं जुनं लुगडं उचलून घेतलं, दोरी शोधायला वेळ नव्हता.

गल्ली दहा-बारा पावलं रुंद. तो पाय रोवत रोवत ओलांडून गेला. दार खांद्यानं आत ढकललं. पद्मल तेव्हा तरंगत्या खाटेची कड धरून होती, पाणी तिच्या हनुवटीला लागत होतं. त्यानं तिला दोन्ही हातांनी उचललं, गाडीत ठेवायचा तशीच, आणि शिडीवरून माळ्यावर चढवलं.

"गाडी नाही आली व्हय?" तो धापा टाकत म्हणाला.

"संताजी, तानूबाई," पद्मल म्हणाली. "मागच्या बोळात. तिला बघ."

तो हो म्हणाला आणि खाली उतरला.

तानूबाईला तिच्या नातसुनांनी सकाळीच वर नेऊन ठेवलं होतं. ते पद्मलला माहीत नव्हतं.

दारातून बाहेर पाऊल टाकल्यावर बोळाकडे वळताना त्याचा पाय सुटला. वैजयंता जिन्याच्या शेवटच्या कोरड्या पायरीवर होती. तिनं लुगडं फेकलं आणि त्यानं ते धरलं. काही वेळ ती दोघं दोन टोकांना होती. मग तिच्या हातात लुगडंही राहिलं नाही.

त्या दिवशी कुरणवाडात एकतीस माणसं उचलून वर नेली गेली. कुणाचे आजोबा, कुणाची बाळंतीण, एका घरात तापानं फणफणलेली दोन पोरं. भोंगा बोलला नसता तर त्यातले किती गेले असते, हे हेर्लेकरांनी नंतर काढून बघितलं आणि आकडा चेलनाला सांगितला नाही. मेला तो एकच. संताजी तिसऱ्या दिवशी खालच्या गावाच्या घाटावर मिळाला.

चौकशी झाली. नियम मोडल्याबद्दल चेलनाला ताकीद मिळाली आणि त्याच आठवड्यात एका पत्रात तिच्या प्रसंगावधानाचं कौतुक झालं. गाडीचा नियम बदलला. आता ती कुठल्याही शब्दाला निघणार होती. पद्मल चेलनाच्या घरी राहायला आली. तिनं शिवणकाम पुन्हा सुरू केलं, जेवायची, बोलायची. पण दर सोमवारी भोंग्यांची चाचणी व्हायची तेव्हा ती हातातलं काम ठेवून कान दोन्ही तळहातांनी गच्च झाकून बसायची. पहिल्या सोमवारी चेलना तिच्याजवळ जाऊन बसली.

"अक्का, माझाच आवाज आहे गं."

"म्हणूनच," पद्मल म्हणाली.

काही दिवसांनी ती वैजयंताकडे जाऊन आली. तीनचाकीवरून, एकटीच. परत आल्यावर चेलनानं काय झालं विचारलं.

"मी सांगितलं तिला, मी त्याला तानूबाईकडं पाठवलं म्हणून."

"मग?"

"चहा दिला तिनं. कप परत घेताना म्हणाली, तुमच्या बहिणीला पाठवा."

चेलना गेली नाही. आज जाते, उद्या जाते असं करत महिना गेला. तेवढ्यात हेर्लेकरांनी तिला बोलावलं. ते खूप थकलेले दिसत होते.

"खोलीबरोबर वेगही सांगायला हवा," ते म्हणाले. "आकडा यंत्राकडे पहिल्यापासून होता. आपण तो बाहेर काढलाच नाही, कारण त्याला शब्द नव्हता. लोकांच्या तोंडातला एक शब्द शोध, चेलना. आणि त्याच्या पायऱ्या. कमी, जास्त, प्राणघातक, काहीतरी. पुढच्या पावसाळ्याआधी."

"माझ्याच्यानं होणार नाही, सर."

"मग कुणाच्यानं?" त्यांनी विचारलं. ते टोमणा मारत नव्हते. त्यांना खरंच माहीत नव्हतं.

ती केंद्रातून निघाली ती सरळ कुंभार गल्लीत गेली. भिंतींवर पाण्याची रेघ अजून होती. वैजयंता ओट्यावर बसून तांदूळ निवडत होती. चेलनाला बघून ती उठली नाही. नुसतं सूप बाजूला केलं, बसायला जागा दिली.

"त्या वेळी इथं पाणी किती होतं?" वैजयंतानं विचारलं.

"कंबर," चेलना म्हणाली.

"ह्यांच्या कमरेला टेकलंसुद्धा नव्हतं. मांडीशी होतं. मी बघत होते ना, इथंच उभी होते." तिनं ओट्याशेजारच्या जिन्यातली एक पायरी दाखवली. "मांडीएवढ्या पाण्यात एवढा मोठा माणूस जातो का हो?"

"पाण्याला वेग होता."

"वेग कसला? वेग गाडीला असतो. पाण्याला ओढ होती." ती पहिल्यांदा चेलनाकडे वळली. "तुमच्या भोंग्यानं ओढ सांगितली?"

"नाही."

"तुम्हाला ठाऊक होती?"

चेलनाला खोटं बोलता आलं असतं. "सरांनी आकडा सांगितला होता," ती म्हणाली. "मी ऐकला. मला तो कळला नाही. मला अक्का दिसत होती फक्त."

वैजयंतानं दोन्ही तळवे उघडून मांडीवर ठेवले. बोटांच्या मुळाशी, आडव्या, लुगडं सरकून गेल्याच्या जखमांचे वण होते. एका ठिकाणी कातडी अजून गुलाबी होती.

"मला शब्द शोधायला सांगितलंय," चेलना म्हणाली. "ओढीसाठी. किती ओढ असली म्हणजे उतरायचं नाही, ते लोकांना सांगायचंय. मी तुम्हाला विचारायला आले, असं नाही. कसं विचारणार? पण तुमच्याशिवाय कुणी ती धरलेली नाही."

वैजयंता उठली. चेलनाला वाटलं ती आत जाईल आणि दार लावून घेईल. तिनं तसं केलं नाही. ओट्यावरून दोन पायऱ्या खाली उतरून ती गल्लीत उभी राहिली, चेलनाचं मनगट दोन्ही हातांनी धरलं, एक पाय पायरीला टेकवला आणि अंगातलं सगळं बळ लावून ओढलं.

चेलना बसल्या जागेवरून उठली, घसरली, गुडघ्यावर आपटली. सूप कलंडलं, तांदूळ ओट्यावरून खाली सांडले. तिनं दुसऱ्या हातानं चौकट धरली. खांद्यातून कळ गेली आणि चौकटीवरची बोटं एकेक करून सुटायला लागली. वैजयंता ओढतच होती. तिचा चेहरा पूर्ण वाकडा झाला होता, डोळे मिटलेले होते, आणि ती रडत नव्हती.

"एवढी," ती दातांवर दात धरून म्हणाली. "एवढी होती. नाही, ह्याच्यापेक्षा जास्त. मला एवढंच येतंय." तिनं श्वास घेतला, पकड आणखी घट्ट केली. "आता ठेवा ह्याला नाव."

चेलनाची बोटं चौकटीवरून सुटली. दोघी गल्लीत, सांडलेल्या तांदळात पडल्या. शेजारच्या दारातून कुणीतरी "काय झालं?" म्हणून हाक मारली. वैजयंतानं मनगट सोडलं नाही, आणि चेलनानं ते सोडवून घेतलं नाही.